वर्ग न सोडतां बढती : स्कॉटलंडचा एक प्रयोग

शाळेंत उत्तम शिकविणाऱ्या माणसाला बढती कशी द्यावी, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. कारखान्यांतील कुशल कारागीर पुढें मुकादम होतो, कचेरींतील हुशार कारकून हेडक्लार्क होतो. त्याचप्रमाणें वर्गांत नांव मिळविलेला शिक्षक पुढें मुख्याध्यापक होतो. ही गोष्ट समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यांतील विसंगति सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुख्याध्यापक झालेल्या शिक्षकाचे वर्गांतील तास घटतात. हजेरीपत्रकें, पगारपत्रकें, इमारतीची डागडुजी, पालकांच्या तक्रारी आणि वरिष्ठांचे खलिते यांतच त्याचा दिवस मावळतो. म्हणजे जो गुण पाहून त्याला वर चढविलें, त्याच गुणाचा लाभ मुलांना मिळेनासा होतो. शिवाय चांगलें शिकविणें आणि शाळा चांगली चालविणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिलें साधलें म्हणून दुसरें साधेलच असा नेम नाहीं. तेव्हां समाजाचें नुकसान झालें तर दुहेरी होतें : एक उत्तम शिक्षक जातो आणि त्याच्या जागीं एक बेताचा मुख्याध्यापक मिळतो.

हा पेंच बहुतेक सर्व देशांना पडलेला आहे. परंतु तो उघडपणें मान्य करून सोडविण्याचा नेटका यत्न ज्या थोड्या देशांनीं केला, त्यांत स्कॉटलंडची गणना करावी लागेल. मुंबईच्या शिक्षणक्षेत्राला स्कॉटलंड परका नाहीं. गिरगांव चौपाटीसमोर आज उभें असलेलें विल्सन कॉलेज ज्या शाळेंतून वाढलें, ती १८३२ मध्यें स्थापन करणारे रेव्हरंड जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी होते. आणि ज्यांच्या नांवानें एल्फिन्स्टन कॉलेज ओळखलें जातें, ते गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हेहि मूळचे स्कॉटलंडचेच. त्या छोट्या देशानें आपल्या शिक्षकांच्या पदव्यांची आणि बढतीची घडी कशी बसविली, ती कोठें विस्कटली आणि पुन्हां कशी घातली, हें म्हणूनच जाणून घेण्याजोगें आहे.

शिक्षकांची लायकी शिक्षकांनींच पारखावी, ही कल्पना तेथें जुनी आहे. १८४७ मध्यें तेथील शिक्षकांनीं 'एज्युकेशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्कॉटलंड' ही आपली संस्था स्थापिली आणि १८५१ मध्यें व्हिक्टोरिया राणीकडून तिला सनद मिळाली. त्या सनदेनें संस्थेला 'फेलो' ही पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला. आज ही संस्था मुख्यतः शिक्षकांची संघटना म्हणून वेतनाच्या वाटाघाटी करते. पण पदवी देण्याचा तो जुना अधिकार तिनें अजून जपून ठेविला आहे. एका कामगार-संघटनेच्या हातीं पदवीदानाचा अधिकार असावा, हें दृश्य इतरत्र क्वचितच आढळेल.

मात्र पदवी ही ऐच्छिक होती. नोंदणीची सक्ति पुढें फार उशिरां आली. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतील मुलांची संख्या वाढली, शिक्षकांचा तुटवडा पडला, आणि पुरेशी पात्रता नसलेल्या माणसांना वर्गावर उभें करण्याचा प्रघात पडूं लागला. त्याविरुद्ध १९६१ मध्यें ग्लासगो शहरांतील शिक्षकांनीं संप पुकारला. लॉर्ड व्हीटली यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली. तिचा अहवाल १९६३ मध्यें प्रसिद्ध झाला. आणि त्यावरून १९६५ चा शिक्षक-परिषद कायदा होऊन 'जनरल टीचिंग कौन्सिल' ही परिषद जन्मास आली. वकिलाला जशी सनद, डॉक्टरला जशी वैद्यकीय परिषदेची नोंदणी, तशी शिक्षकाला या परिषदेची नोंदणी. तिच्या नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव नाहीं, त्याला सरकारी शाळेंत शिकवितां येत नाहीं, असा नियम पुढें झाला. कालांतरानें तो खासगी शाळांनाहि लागू करण्यांत आला.

हा नियम सुखासुखीं अमलांत आला असें मात्र नाहीं. कित्येक वर्षें शिकवीत असलेल्या शिक्षकांना, आतां फी भरून नव्यानें आपलें नांव नोंदवावें, हें अपमानास्पद वाटलें. अ‍ॅबर्डीन शहरांतील एका शिक्षकानें नोंदणी करण्याचें नाकारलें व त्याला १९६९ मध्यें कामावरून काढून टाकण्यांत आलें. खटला थेट लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. १९७१ मध्यें निकाल लागला कीं, त्या शिक्षकाचें म्हणणें ऐकून न घेतां त्याला काढणें अन्यायाचें होतें, सबब तें काढणेंच रद्द समजावें. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा दाखला म्हणून कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून अभ्यासतात. परिषदेचा अधिकार मोठा खरा, परंतु शिक्षकाची बाजू ऐकून घेण्याचें कर्तव्य त्याहून लहान नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला. पुढें २ एप्रिल २०१२ रोजीं ही परिषद सरकारपासून स्वतंत्र झाली. त्या वेळीं तिच्या ३७ सभासदांपैकीं १९ सभासद नोंदलेल्या शिक्षकांनीं निवडून दिलेले होते. म्हणजे बहुमत शिक्षकांचेंच.

येथें एका शब्दाचा उलगडा करणें अवश्य आहे. 'अवॉर्ड' हा इंग्रजी शब्द कानीं पडतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें शाल, श्रीफळ आणि सत्काराचें भाषण उभें राहतें. स्कॉटलंडमध्यें 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट अवॉर्ड' असें जेव्हां म्हणतात, तेव्हां त्याचा अर्थ पारितोषिक असा नसून, नोकरींत असतांना अभ्यास करून मिळविलेलें व्यावसायिक प्रमाणपत्र असा असतो. तेथील सर्व प्रमाणपत्रें आणि पदव्या बारा पायऱ्यांच्या एकाच शिडीवर बसविलेल्या आहेत. शाळेंतील साहाय्यक सेवकाचें प्रमाणपत्र या शिडीच्या मधल्या पायरीवर, एम्. ए. च्या तोडीची पदवी अकराव्या पायरीवर आणि डॉक्टरेट बाराव्या पायरीवर. यामुळें कोणतें प्रमाणपत्र कोणत्या तोलाचें, हें शिक्षकाला आणि त्याच्या मालकाला एका दृष्टिक्षेपांत कळतें. पारितोषिक हें झालेल्या कामाबद्दलचें कौतुक असतें. प्रमाणपत्र हें पुढें करावयाच्या कामाची तयारी असते. पारितोषिक थोड्यांनाच मिळावयाचें. प्रमाणपत्र मात्र अभ्यास करील त्या प्रत्येकास मिळूं शकतें.

आतां मूळ पेंचाकडे वळावयाचें. १९९० नंतरच्या दशकांत वेतन आणि कामाचे तास यांवरून स्कॉटिश शिक्षकांत पुन्हां असंतोष माजला. प्राध्यापक गॅव्हिन मॅक्रोन यांच्या समितीनें २००० मध्यें आपला अहवाल दिला आणि २००१ च्या आरंभीं सरकार, स्थानिक मंडळें व शिक्षक-संघटना यांच्यांत एक व्यापक करार झाला. त्यांत ३५ तासांचा आठवडा ठरला. त्याखेरीज प्रत्येक शिक्षकानें स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठीं वर्षाकांठीं ३५ तास द्यावेत असें ठरलें. नव्या उमेदवाराला एक वर्षभर शाळेंत जागा मिळेल याची हमी देण्यांत आली. आणि त्याला शिकण्यास सवड असावी म्हणून आरंभीं पूर्ण शिक्षकाच्या सुमारें ७० टक्केच तास त्याच्याकडे सोंपविण्यांत आले. या करारांतील सर्वांत धाडसी कलम मात्र निराळेंच होतें. तें 'चार्टर्ड टीचर', म्हणजे सनदधारी शिक्षकाचें.

कल्पना मोठी देखणी होती. ज्याला मुख्याध्यापक व्हावयाचें नाहीं, ज्याचा जीव वर्गांतच रमतो, अशा शिक्षकालाहि प्रतिष्ठा आणि वेतन यांत वर चढतां यावें. पूर्ण नोंदणी झालेला आणि नेहमींच्या वेतनश्रेणीच्या शेवटच्या पायरीवर पोंचलेला शिक्षक यास पात्र. विश्वविद्यालयांनीं बारा भागांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यांतील दर दोन भाग पुरे झाले कीं वेतनाची एक पायरी वाढावयाची, आणि बाराहि भाग पुरे होतांच एम्. ए. च्या दर्जाची पदवी व चार्टर्ड शिक्षक हें पद मिळावयाचें. २००३ मध्यें योजना सुरू झाली. शिक्षकानें वर्ग सोडावयाचा नाहीं, खुर्ची बदलावयाची नाहीं. मुलांपुढें उभें राहूनच मोठें व्हावयाचें. शिक्षकी पेशाच्या इतिहासांत इतकी सरळ कबुली, कीं शिकविणें हेंच शिक्षकाचें शिखर आहे, क्वचितच कोणी दिली असेल.

तरीहि ही योजना दहा वर्षेंहि टिकली नाहीं. स्टर्लिंग विश्वविद्यालयाचे प्रमुख प्राध्यापक जेरी मॅक्कॉर्मॅक यांच्या समितीनें २०११ मध्यें ती बंद करण्याची शिफारस केली आणि २०१२ मध्यें ती बंद झाली. ज्यांनीं पद आधींच मिळविलें होतें, त्यांचें वेतन कायम राहिलें. २००८ नंतरच्या आर्थिक मंदीनें सरकारी तिजोरीवर ताण पडला होता, हें एक कारण खरेंच. परंतु केवळ पैशाच्या टंचाईवर खापर फोडून चालणार नाहीं. योजनेच्या मांडणींतच दोन उणिवा होत्या.

पहिली उणीव निवडीची. या अभ्यासक्रमास जाण्यासाठीं मुख्याध्यापकाची शिफारस लागत नसे. शिक्षकानें स्वतः ठरवावें, फी स्वतःच्या खिशांतून भरावी आणि अभ्यास आपल्या सवडीनें करावा. वशिल्याला आळा बसावा म्हणून केलेली ही तजवीज हेतूनें चांगली होती. पण तिच्यामुळें ज्याच्याजवळ सवड आणि पैसा त्याला वाट मोकळी झाली. घरीं लहान मुलें असलेली, किंवा मिळकतीचें तोंड धरून बसावें लागणारी शिक्षिका, शिकविण्यांत कितीहि निष्णात असली तरी, मागें राहण्याचा संभव होता. शेजारच्या दोन वर्गांवरील दोन शिक्षकांचें काम पाहून कोण चार्टर्ड आणि कोण साधा हें पालकांना ओळखतां येईना, तेव्हां पदाबद्दलचा आदर ओसरूं लागला.

दुसरी उणीव त्याहून खोल होती. पद मिळालें, वेतन वाढलें, पण त्या पदाला जोडून शाळेंत निराळें असें काम कोणीं नेमून दिलें नाहीं. नव्या शिक्षकाला हाताशीं धरणें, वाचनांत मागें पडलेल्या मुलांसाठीं सहकाऱ्यांबरोबर पाठ आंखणें, आपल्या अभ्यासाचें फळ इतरांस वांटणें हीं कामें कित्येक चार्टर्ड शिक्षकांनीं आपखुशीनें केलीं असतील. पण तीं त्यांच्याकडून मागून घेण्याची जबाबदारी कोणावर नव्हती. मुख्याध्यापकाला या शिक्षकाची निवड करावी लागली नव्हती, म्हणून त्याचा उपयोग करून घेण्याची चाडहि पुष्कळदां त्याला वाटली नाहीं. विहीर खणली, पाणीहि लागलें. पण पाट काढण्याचें काम कोणाकडेच नव्हतें.

याच्या उलट शाळेच्या नेतृत्वाची शिडी हळूहळू पक्की होत गेली. मुख्याध्यापकाच्या अंगीं कोणते गुण व कोणतें ज्ञान असावें, हें लेखी मानकाच्या रूपानें १९९८ मध्यें ठरविण्यांत आलें आणि त्यास अनुसरून मुख्याध्यापकत्वाचा एक अभ्यासक्रम सुरू झाला. २०१५ मध्यें त्याची जागा 'इन्टू हेडशिप' या नव्या अभ्यासक्रमानें घेतली. याचें स्वरूप ध्यानांत घेण्यासारखें आहे. उमेदवाराला अर्ज करतांना आपल्या स्थानिक शिक्षण-मंडळाची संमति लागते. म्हणजे त्याला पुढें आणण्यांत मंडळहि बांधलें जातें. अभ्यासक्रमाचा तोल एम्. ए. च्या एक-तृतीयांशाएवढा, आणि पायरी अकरावी. पण त्याचा गाभा पुस्तकांत नाहीं. उमेदवारानें आपल्याच शाळेंत एखादी खरीखुरी सुधारणा हातीं घ्यावयाची, सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ती वर्षभर चालवावयाची, आणि तिचें काय झालें याचा हिशेब द्यावयाचा. जो माणूस चार सहकाऱ्यांचीं मनें वळवूं शकत नाहीं, तो निबंध कितीहि चांगला लिहीत असला तरी येथें उघडा पडतो.

पुढें या अभ्यासाला कायद्याचें पाठबळ मिळालें. १ ऑगस्ट २०२० पासून स्कॉटलंडमध्यें कायम मुख्याध्यापक म्हणून प्रथमच नेमला जाणारा माणूस परिषदेनें दिलेल्या मुख्याध्यापकत्वाच्या मानकास उतरलेला असलाच पाहिजे, असा नियम आहे. आधींपासून त्या पदावर असलेल्यांस तो लागू नाहीं, आणि तात्पुरत्या नेमणुकीस मुदतीची सवलत आहे. नुसत्या सेवाकालाच्या बळावर खुर्ची मिळण्याचे दिवस तेथें संपले.

शेजारच्या इंग्लंडचा अनुभव याच्या जोडीला ठेवला म्हणजे या गोष्टीचें मोल अधिक कळतें. इंग्लंडनें मुख्याध्यापकांसाठीं राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता १९९७ मध्यें सुरू केली आणि एप्रिल २००९ पासून नव्या मुख्याध्यापकांस ती सक्तीची केली. पण तीन वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तोंच, फेब्रुवारी २०१२ मध्यें, ती सक्ति उठविण्यांत आली. ती पात्रता आज तेथें ऐच्छिक आहे. इंग्लंडची शिक्षक-परिषद २००० मध्यें स्थापन झाली आणि ३१ मार्च २०१२ रोजीं विसर्जित झाली. त्यानंतर दोनच दिवसांनीं स्कॉटलंडची परिषद स्वतंत्र झाली, हा योगायोग बोलका आहे. इंग्लंडांतील परिषद वरून लादली गेली, शिक्षकांना ती आपली वाटली नाहीं, म्हणून ती मोडतांना रडणारे थोडे होते. स्कॉटलंडमध्यें परिषद शिक्षकांच्या संपांतून जन्मली होती. कुरकूर होऊनहि तिचीं मुळें धरलीं.

चार्टर्ड शिक्षकाची योजना गेली, म्हणून वर्गांतील शिक्षकाच्या वाट्याला कांहींच उरलें नाहीं असें नव्हे. एखाद्या विशिष्ट क्षेत्रांत, उदाहरणार्थ वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांना शिकविण्यांत, ज्यानें खोल अभ्यास केला आणि त्याचा लाभ सहकाऱ्यांस दिला, त्या शिक्षकाच्या नोंदीपुढें परिषद तशी 'व्यावसायिक मान्यता' लिहिते. हिच्याबरोबर वेतनवाढ येत नाहीं. परंतु सहकाऱ्यांना उपयोग झाल्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे चार्टर्ड योजनेची दुसरी उणीव येथें ओळखलेली दिसते. तसेंच २०१४ पासून प्रत्येक पूर्ण-नोंदित शिक्षकानें दर पांच वर्षांनीं आपल्या वरिष्ठाशीं बसून, आपण काय शिकलों आणि त्यानें मुलांना काय मिळालें, याची उजळणी करून ती परिषदेस कळवावयाची असते. तरी मूळ प्रश्न अर्धाच सुटला आहे, हें प्रांजळपणें म्हणावें लागेल. मुख्याध्यापक होणाराची वाट आंखली गेली. वर्गांत राहणाराच्या वाटेला प्रतिष्ठेची खूण मिळाली, पण चार्टर्ड योजनेंतल्यासारखी अभ्यासाबरोबर आपोआप चढणारी पगाराची पायरी परत आली नाहीं.

हिंदुस्थानांत शिक्षकी पेशासाठीं पेशानेंच चालविलेली अशी नोंदणी-परिषद नाहीं. १९९३ च्या कायद्यानें स्थापिलेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद मुख्यतः अध्यापक-विद्यालयें आणि किमान पात्रता यांची व्यवस्था पाहते. १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पुरस्कारांचा मान मोठा आहे, पण तो थोड्यांच्याच वाट्याचा. महाराष्ट्रांतील शिक्षकाला बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी, ठराविक प्रशिक्षण आणि इतर अटी पुऱ्या केल्यावर, मिळते. आणि खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलींत मुख्याध्यापकाच्या निवडीस सेवाज्येष्ठतेचाच आधार मुख्य आहे. ज्येष्ठतेचा एक गुण निःसंशय आहे : तिच्यांत वशिला चालत नाहीं. पण तिच्यांत तयारीहि लागत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण-धोरणानें प्रत्येक शिक्षकासाठीं आणि मुख्याध्यापकासाठीं वर्षाकांठीं किमान ५० तासांचा व्यावसायिक अभ्यास सुचविला आहे. शिवाय, प्राथमिक शिक्षकाला वर चढण्यासाठीं प्राथमिक वर्ग सोडावा लागूं नये, त्याला त्याच टप्प्यावर पदोन्नति आणि वेतनवाढ मिळावी, असेंहि तत्त्व त्यांत सांगितलें आहे. स्कॉटलंडनें २००३ मध्यें जें करून पाहिलें, त्याच उंबरठ्यावर आपल्याकडील विचार येऊन उभा आहे.

म्हणून त्या देशाच्या यशाइतकाच त्याचा फसलेला प्रयोग आपल्या उपयोगाचा आहे. शिक्षकानें किती तास प्रशिक्षण घेतलें आणि किती प्रमाणपत्रें मिळविलीं, हें मोजणें सोपें असतें. त्याच्या प्रमाणपत्राला कोणतें काम जोडलें, तें काम त्याच्याकडून कोण मागून घेणार, आणि तें करण्यास त्याला आठवड्यांतून किती तास मोकळे ठेवणार, हे तीन प्रश्न योजना आंखतांना आधींच सोडविले पाहिजेत. ते न सोडवितां दिलेली पदवी भिंतीवर शोभेल, पगारपत्रकांतहि दिसेल; पण मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला वाचतां येऊं लागलें कीं नाहीं, या एकाच कसोटीवर तिचा खरा हिशेब व्हावयाचा आहे.